नवसाची लिली

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी पहिल्यांदा चढलेला माणूस मी. हे मी कुठंही सांगतो, लग्नाच्या पंगतीतही सांगतो, कारण ते खरं आहे. वनस्पतिशास्त्र घेतलं तेव्हा गावात विचारणा झाली होती, की झाडं लावायला कॉलेजात कशाला जावं लागतं. आता मी तालुक्याच्या ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो, तरी ती विचारणा बंद झालेली नाही. विचारणारी घरातच आहे. मायनं एकदा परसातल्या वांग्यावरची अळी दाखवली. मी तिचं शास्त्रीय नाव सांगितलं. माय म्हणाली, "नाव घेतल्यानं मेली का थे?"

तेव्हापासून मनात होतं, की एक तरी गोष्ट अशी करून दाखवायची जी या गल्लीत फक्त मलाच येते. ती गोष्ट म्हणजे लिली.

आमच्या अंगणात पाण्याच्या टाकीच्या कडेनं पांढऱ्या लिलीची रांग आहे. कांद्याच्या पातीसारखी पात आणि एका देठावर एकच फूल. हिला पावसाळी लिली म्हणतात, पण आमच्याकडे तिचा खरा बहर पाऊस ओसरल्यावर, सोयाबीन सोंगायला येतं तेव्हा. पिवळी मात्र आमच्या गल्लीत कुणाकडे नव्हती. ती मी आणली शेगावहून. दर्शनाला गेलो होतो, मुक्काम केला त्या लॉजच्या मागच्या नळापाशी तिचा दाट झुबका होता. मी चमच्यानं एक कांदा उकरला. माय पदर पसरून आडोसा धरून उभी राहिली आणि वर म्हणाली, "प्रसाद समज."

पांढरी आणि पिवळी यांचा संकर करून लोण्याच्या रंगाची लिली काढायची, हा माझा बेत. जगात कुठं असेल तर असो, आमच्या तालुक्यात नव्हती.

क्रॉसिंग मला पुस्तकानं शिकवलेलं नाही. कॉलेजात असताना सुट्टीत मी देऊळगाव राजाकडे कपाशीच्या बियाण्याच्या प्लॉटवर कामाला जायचो. संध्याकाळी उद्या उमलणारी कळी हेरायची, नखानं तिच्यातले पुंकेसर खुडायचे, सकाळी दुसऱ्या जातीचं फूल आणून तिच्यावर घासायचं. काम झालेल्या फुलाला दोरा बांधायचा, म्हणजे पुढं वेचताना बोंड ओळखू येतं. नख तिथं तयार झालं. ते नख काय करतं याला नाव काय, ते कॉलेजात कळलं.

पहिल्या खेपेला मी पिवळीला आई केलं आणि पांढरीला बाप. बी धरलं, पेरलं, वाढवलं. रोपांना फुलं आली ती सगळी पिवळीच्या पिवळी. मग पुस्तक उघडलं तर कळलं, की या पिवळीला बी धरायला बाप लागतच नाही. बाहेरून आलेले पराग ती नुसते बघून घेते आणि आपल्यासारखीच लेकरं एकटीच काढते. हे मी जेवताना घरात सांगितलं. बायको हसू दाबत भाकरी थापत राहिली. माय म्हणाली, "बरी हाय बापा. नवऱ्याची कटकट नाही."

तर पुढच्या खेपेला उलटं करायचं ठरवलं. आई पांढरी, बाप पिवळी. पण त्या पावसाळ्यात, पिवळी लावली होती त्या बादलीत पाणी तुंबलं. मोठी रोपं सडली, आधीच्या खेपेची पोरंही गेली. एकच कांदा तगला, तोही मऊ पडत चालला होता. त्याला एक कळी आली. ते फूल उमलेल, त्याच सकाळी काय ते करायचं. नाही झालं तर लोण्याचा रंग विसरायचा.

आणि मध्ये गुरुजी होते.

गुरुजी म्हणजे आमच्या समोरच्या घरातले निवृत्त मास्तर. मी त्यांच्याच हाताखाली पाटी धरली. माझ्या बापाला "या पोट्ट्याले शिकव, हे वावरात ठेवायचं नाही" असं सांगणारे हेच. तेव्हा त्यांच्यापुढं माझा आवाज चढत नाही. गुरुजी रोज पहाटे फिरायला निघतात आणि हातात एक पिशवी असते. वाटेतल्या प्रत्येक कंपाउंडातली जास्वंद, कण्हेर, चांदणी त्या पिशवीत जाते. कुणी काही बोललं तर उत्तर ठरलेलं, "देवाच्या फुलाची चोरी नसते." आमच्याकडे हा नियम सगळ्यांना मान्य आहे. ज्याचं फूल जातं त्यालाही. आणि लिलीची तर त्यांना कळीच आवडायची, कारण ती देवापुढं उमलते.

मी एकदा सांगून पाहिलं होतं.

"गुरुजी, ह्या लिली प्रयोगाच्या हायेत."

"मंग? प्रयोग देवापेक्षा मोठा हाय का?"

"तसं नाही जी."

"मंग काऊन सांगून राह्यला?"

गुरुजींनी एक कळी जास्तच खुडली.

पिवळी उद्या उमलणार हे दिसलं त्या संध्याकाळी मी पांढऱ्यांच्या कळ्या हेरल्या, नखानं हळूच उघडून पुंकेसर काढून ठेवले. दुसऱ्या दिवशी उजाडता बाहेर आलो तर रांगेतले नुसते देठ. गुरुजी येऊन गेले होते. टाकीच्या मागे, जिथं त्यांचा हात पोचला नाही, तिथल्या थोड्या कळ्या वाचल्या होत्या. ऊन चढलं, पिवळी उमलली, मी तिचे पराग त्या वाचलेल्या फुलांना लावले आणि बायकोच्या शिलाई मशीनचं लाल रीळ घेऊन प्रत्येक देठाला दोरा बांधला. दोन दिवसांत पिवळी आडवी झाली. आता जे काही होतं ते त्या लाल दोऱ्यांत होतं.

दोरे बांधल्याच्या दुसऱ्याच पहाटे मी पाळत ठेवून ओट्यावर बसलो. गुरुजी आले. या खेपेला टाकीच्या मागेही वाकले.

"हा दोरा कायचा रे?"

मी काहीच ठरवलेलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं, "नवसाचा हाय गुरुजी."

गुरुजींचा हात जागीच थांबला. "कोनाचा नवस?"

"सांगतला तर फळत नाही जी."

गुरुजींनी चपला काढल्या, लिलीला हात जोडले आणि पिशवी घडी करून निघून गेले. मी आत येऊन चहा मागितला. इतका गोड चहा मी बऱ्याच दिवसांत प्यायलो नव्हतो.

पण गुरुजींनी घरी जाऊन बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, सांगितलं. काकूंनी देवळात सांगितलं. नवरात्र बसलेलं, बायका एकत्र जमलेल्याच होत्या. मी कॉलेजातून परत आलो तर आमच्या अंगणात बायकांची रांग, आणि माय पाटावर बसून लाल रीळ सोडवून दोरे तोडून देत होती. तेच रीळ, मशीनवरचं.

मी तिला बाजूला घेतलं. "माय, हे काय करून राह्यली?"

"तूच म्हनला न गुरुजीले, नवसाचं हाय म्हनून."

"थे मी असंच म्हनलं होतं."

"मंग आता हे बी असंच हाय. जा, आत जा. बायका लाजून राह्यल्या तुह्यामुळं."

मायला इतकी माणसं घरी आलेली आवडतात. हळदीकुंकू, चहा, गप्पा. संध्याकाळपर्यंत टाकीच्या पुढची, मागची, झुकलेली, उभी, अशी प्रत्येक लिली लाल दोऱ्यात होती. माझे दोरे कुठले आणि गल्लीचे कुठले, काही कळायला मार्ग नाही. पांढरी आपलं आपण बीही धरते, त्यामुळं बोंडं सगळीकडेच फुगायला लागली.

मी म्हटलं, ठीक आहे. सगळ्याच बोंडांचं बी पेरीन, त्यात माझं येईलच. पण लिलीचं बोंड पिकलं की एका उन्हात तडकतं, आणि काळ्या कागदाच्या कपच्यांसारखं बी वाऱ्यावर जातं. ते तडकायच्या आत खुडावं लागतं. आणि नवसाचं बोंड खुडू देणार कोण? गुरुजी आता रोज पहाटे पिशवी न घेता यायचे आणि आमच्याच ओट्यावर राखण करायला बसायचे. दुधवाल्याची सायकल टेकली तरी ओरडायचे, "लिलीले लागू देऊ नको." गल्लीतला फूलचोर माझा राखणदार झाला होता, आणि मला माझ्याच अंगणात चोरी करायची पाळी आली.

मायनं आणखी एक गंमत सांगितली. काकूंनी दोरा बांधला तो कशासाठी, हे त्यांनी मायला कानात सांगितलं होतं. मागणं असं, की आमच्या ह्यांची लोकांची फुलं तोडायची खोड जाऊ दे, मले चार बायकांत लाज वाटते. मायनं मला शपथ घातली, की हे गुरुजींना सांगायचं नाही. मी शपथ घेतली, पण हसू आवरेना म्हणून उठून मोरीत गेलो.

बोंडं पिवळट पडली. दुपारी गुरुजी झोपतात हे मला माहीत होतं. मी वाटी घेऊन टाकीपाशी उकिडवा बसलो आणि एक एक बोंड खुडायला लागलो. निम्मी झाली असतील, मागून आवाज आला.

"शाबास. इतका शिकला अन् लोकायचे नवस तोडून राह्यला?"

मी वाटी मागे लपवली. चौथीत चिंचा लपवल्या होत्या तशीच.

"गुरुजी, देवाच्या कामाची चोरी नसते."

"माह्यावरच उलटवून राह्यला का बे?"

मग मी सगळं सांगितलं. कपाशीचं क्रॉसिंग, सडलेली पिवळी, लोण्याचा रंग, माझा दोरा आणि त्यांचे दोरे. गुरुजी ओट्यावर बसून ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "म्हंजे नवस नव्हताच."

"माह्या हिशेबानं होता जी. लिलीचाच होता."

"अन् आमच्या घरातल्यायनं बांधला त्याचं काय? त्यायनं काय मागतलं थे मले सांगतलं बी नाही."

मी गंभीर तोंड केलं. "थे वाया नाही जात, गुरुजी. बी पेरलं की नवस मातीत जाते. तिथून बरोबर फळते."

हे कुठल्याच शास्त्रात नाही. पण गुरुजींना पटलं, किंवा त्यांनी पटवून घेतलं. अट मात्र घातली, की बी अर्धं त्यांचं. त्यांच्या अंगणात त्यांच्या हातानं पेरायचं. बोंडांची वाटी हलवून मी अर्धी त्यांच्या उपरण्यात ओतली. कुठलं बी कुणाकडे गेलं ते देवालाच माहीत.

मी रंगाच्या रिकाम्या डब्यांत पेरलं. गुरुजींनी काकूंच्या तुळशीशेजारी, जुन्या पितळी घंगाळात. पहिलं वर्ष नुसती पात, बारीक, गवतासारखी. मायनं दोनदा गवत समजून उपटायला हात घातला. गुरुजींनी मात्र पहाटेचं फिरणं सोडलं. घंगाळापाशी खुर्ची टाकून बसायचे, कारण गल्लीत पिशव्या घेऊन फिरणारे ते काही एकटेच नव्हते, आणि ते सगळे कसे वागतात हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. काकूंनी देवीला साडी चढवली. कशाबद्दल, हे गुरुजींना अजून कळलेलं नाही.

त्याच्या पुढच्या नवरात्रात माझ्या डब्यांना फुलं आली. पांढरी. रोज एक एक उमलत गेली, सगळी पांढरी. मायनं एकही टोमणा मारला नाही, यावरून तिला माझं वाईट वाटत असावं.

एका रविवारी उन्हं वर आल्यावर समोरून हाक आली. गेलो. घंगाळात पांढऱ्यांच्या मधोमध एक फूल उमललं होतं. पिवळं नाही, पांढरं नाही. ताक घुसळताना लोण्याचा पहिला गोळा वर येतो, तो रंग. मी खाली बसलो. माझं नख, माझी सकाळ, बादलीत सडलेल्या पिवळीचं शेवटचं फूल, सगळं समोरच्या घरात उमललं होतं.

"गुरुजी, हे माह्यं हाय."

"अंगन कोनाचं हाय?"

"क्रॉसिंग मी केलं."

"पानी कोनं टाकलं?"

"बरं, कांदा नाही तर फूल तरी द्या. देवाले वाहतो."

गुरुजी हसले नाहीत. त्यांनी फक्त देठाकडे बोट दाखवलं. देठाला लाल दोरा बांधलेला होता.

"नवसाचं हाय," ते म्हणाले.

"कायचा नवस जी?"

"सांगतला तर फळत नाही."

काकू आतून चहा घेऊन आल्या. मी एका हातानं कप घेतला, गुरुजींच्या तब्येतीची चौकशी केली, सोयाबीनच्या भावावर त्यांना बोलतं केलं. ते भावावर बोलायला लागले की समोरचं काही बघत नाहीत. दुसरा हात मी घंगाळाच्या काठावर ठेवला होता. कपाशीच्या प्लॉटवर तयार झालेलं बोट त्या फुलाच्या परागांवरून एकदा फिरून आलं, पाकळीही हलली नाही.

मग नमस्कार न करताच मी उठलो, कारण नमस्काराला दोन्ही हात लागतात. उजव्या हाताचं बोट वर धरून, वाऱ्याला पाठ करून, रस्ता ओलांडला. टाकीपाशी माझ्या पांढऱ्या लिली पुंकेसर काढून ठेवलेल्या होत्याच. ती मी रोज संध्याकाळची सवयच लावून घेतली होती.

माय दारात उभी होती. "बोट कापलं का रे?"

"नाही," मी म्हणालो. "रीळ दे."