वेचणीचे वाटे

तिला विलायतेची शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा मी सगळ्यांसमोर तिचं अभिनंदन केलं आणि घरी येऊन जेवले नाही.

कारंज्याच्या कॉलेजात अर्थशास्त्राच्या वर्गात आम्ही दोघीच मुली. मार्क माझे जास्त. हे मी पुढे कित्येक वर्षं, कोणी विचारलं नाही तरी, सांगत असे. अर्ज दोघींनीही आणले होते. माझा वडिलांनी कपाटात ठेवला, तिचा तिने भरला. आमचं गाव एकच, मानोऱ्याजवळ. ती बौद्धपुऱ्यातली, आणि तिची आई आमच्याच वावरात कापूस वेचायला यायची.

सहा महिन्यांनी निळं हवाईपत्र आलं. वर्गात दहा देशांचे विद्यार्थी आहेत, पण कापूस वेचलेली मी एकटीच, असं तिने लिहिलं होतं. म्हणून प्रोफेसरांनी तिला वेचणीच्या मजुरीवरच प्रबंध लिहायला सांगितला. आता तिच्या गरिबीचाही मला हेवा वाटू लागला.

आमच्याकडे तेव्हा मजुरी कापसातच मिळे. संध्याकाळी प्रत्येकीच्या कापसाचे वाटे करायचे. एक तिचा, बाकी मालकाचे. तिने विचारलं होतं, ‘वेचणारीचा वाटा कोणता, हे अजून मालकच ठरवतो का? माझ्या आईला विचारून कळव. तिला लिहिता येत नाही.’

मजुरीचे सगळे सिद्धांत मला पाठ होते. वाटे पडताना मात्र मी कधी वावरात उभी राहिले नव्हते. तिच्या आईकडे न जाता मी माझ्याच आईला विचारलं.

“कोन ठरवते म्हंजे? मीच ना! तुले काहून पायजे?”

“लंडनले कळवाचं आहे.”

“आता आपल्या वावरातले वाटे लंडनातून पाडतेत काय?”

मी लिहून टाकलं, ‘आता वेचणारीच आपला वाटा निवडते.’ आईची लाज राखली, अशी स्वतःची समजूत घातली. खरं म्हणजे तिचा प्रबंध एका जागी तरी चुकावा, एवढंच मला हवं होतं.

महिन्याभराने उत्तर आलं. ‘माझी आई असं सांगणार नाही. तू तिला विचारलंच नाहीस.’

त्याच दिवशी पत्र घेऊन मी तिच्या घरी गेले. तिची आई दारात तूर पाखडत होती. मी विचारलं. तिने सूप खाली ठेवलं नाही.

“वाटे तुमचा सालदार गडी करते. मंग तुही माय येते अन् बोट दाखवते, हा तुहा म्हनून. लहान वाटा तिले डोये मिटून बी सापडते, बाई.”

शब्द न बदलता मी ते लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी टपालात टाकलं.

प्रबंधाची एक प्रत तिने मला पाठवली. ते वाक्य त्यात आहे, इंग्रजीत, खाली तळटीप: ‘सांगणारी, लेखिकेची आई.’ लिहून कोणी पाठवलं ते कुठेच नाही. मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत दोनदा शोधलं.