झाकणावरचा नंबर

वीजखात्यात सगळे त्यांना अर्थिंगमास्तर म्हणायचे. अर्थिंगची वायर सैल दिसली की मास्तर साहेबाच्या घरची वीजसुद्धा तोडायला मागेपुढे बघत नसत. लायसन नसलेल्या माणसानं बोर्डाला हात लावायचा नाही, हा त्यांचा कायदा. त्यापायीच पाच वर्षांपूर्वी लेकीच्या घरी, चार पाहुण्यांसमोर, त्यांनी जावयाची खरडपट्टी काढली. बिचाऱ्यानं पंख्याचा स्विच स्वतः बदलला होता, एवढंच. लेक म्हणाली, "बाबा, आता तुम्ही निघा." मास्तर निघाले. फोन तिनं करायचा, आपण नाही, असं ठरवून वाट बघत बसले.

पुढे निवृत्ती आली, क्वार्टर सुटलं. आता मास्तर एका खोलीत एकटे राहतात आणि मोबाइलवर फोटो तपासतात. घरोघरी वीजदुरुस्तीला माणसं पाठवणारी एक कंपनी आहे. त्या माणसांकडे लायसन नसतं. ती कामाचा फोटो पाठवतात आणि मास्तर आपल्या लायसनवर तो पास करतात. एका फोटोला चाळीस सेकंद. ज्यांनी जावयाला एक स्विच बदलू दिला नाही, त्यांच्या नावावर रोज शंभर अनोळखी हात बोर्ड उघडतात. मास्तरांना हे कळत नाही असं नाही. पण दिवसभरात निदान कुणीतरी त्यांना काहीतरी विचारतं. तीन वर्षांपूर्वी कंपनीनं नवं सिम घ्यायला लावलं तेव्हा जुना नंबर त्यांनी बंद पडू दिला. दोन वर्षांत जिनं फोन केला नाही ती आता कसला करते, म्हणून.

एका दुपारी एक बोर्ड आला आणि मास्तरांचा अंगठा थांबला. स्विचखाली निळ्या शाईत लिहिलं होतं, 'चिमीची खोली'. चिमी म्हणजे नात. अक्षर त्यांचंच. हा बोर्ड त्यांनीच बसवला होता. टॉर्च लेकीनं धरली होती आणि सगळा वेळ उजेड भलतीकडेच पाडला होता.

अर्थिंग सैल होतं. त्यांनी काम परत पाठवलं, 'घट्ट करा.' पाच मिनिटांत झकास काम होऊन आलं. पास करायला काहीच हरकत नव्हती. मास्तरांनी तरी परत पाठवलं, 'झाकणाच्या आतल्या बाजूचा फोटो हवा.' एकच काम तीनदा परत पाठवलं की तपासणाऱ्याचं खातं बंद होतं. हे दुसऱ्यांदा झालं.

झाकणाच्या आत त्यांनी तेव्हा लिहून ठेवलं होतं, 'काही बिघडलं तर बाबांना फोन', आणि खाली आपला नंबर. फोटो आला. अक्षरं पार फिकी पडली होती. नंबर मात्र ठसठशीत होता. कुणीतरी त्यावरून पेन फिरवलं होतं, आणि 7 च्या पोटात आडवी रेघ मारली होती. ती खोड लेकीची, शाळेपासूनची.

म्हणजे तिनं फोन केला असणार. किती वेळा, कुणास ठाऊक. मेलेल्या नंबरावर. मास्तरांना रडू आलं. पंधरा सेकंद उरले होते.

त्यांनी शेऱ्याची चौकट उघडली. 'काम नामंजूर. झाकणावरचा नंबर चुकीचा आहे. घरातल्या बाईंना दाखवून खोडा आणि हा लिहा.' पुढे त्यांनी आपला नवा नंबर एकेक आकडा बघून टाकला आणि बटण दाबलं.

शेरा पोचला. लगोलग दुसरी ओळ उमटली, 'तुमचं खातं बंद करण्यात आलं आहे.' फोटो यायचे थांबले. मास्तरांनी फोनचा आवाज पूर्ण वाढवला आणि फोन मांडीवर ठेवून बसून राहिले.