सडकेलगतची जागा

बालाघाटच्या कचेरीत पुनारामच्या आवाजाला तोड नव्हती. तो दिवाणी कोर्टाचा चपराशी. दारात उभं राहून पक्षकारांची नावं पुकारायची, हे त्याचं काम. ‘हाजिर हो!’ अशी आरोळी त्यानं ठोकली की झाडाखाली डुलक्या घेणारी माणसं धडपडत उठायची. माणसाला थोडा तोराही होता, आणि का नसावा? बाप डोमाजी आयुष्यभर लोकांच्या धानाच्या बांधीत राबला, खैरलांजीकडे एक वावर आणि मातीचं घर करून गेला. आणि पोरगा कमरेला पट्टा लावून न्यायाधीशाच्या दारात उभा. रोज जमिनीची भांडणं ऐकून आपण अर्धे वकील झालो, असं त्याला मनापासून वाटायचं. तिथंच त्याचा घात झाला.

बाप गेल्यावर गावातलं घर बंदच असायचं; पुनाराम बायको-पोरीसह बालाघाटात भाड्याच्या एका खोलीत राहायचा. फक्त धान निघालं की पुनाराम रजा काढून जायचा, बहीण सरिताला तिच्या सासरहून आणायचा. मग त्याची बायको मैनाबाई घर सारवायची, नणंद-भावजय नव्या तांदळाचा भात शिजवायच्या, आणि चार दिवस त्या घरात पुन्हा डोमाजी असल्यासारखं वाटायचं. सरिताला दुसरं माहेर नव्हतं. पुनारामलाही तिच्यावाचून रक्ताचं कुणी नव्हतं.

मग शहरात जागांची हवा सुटली. सडकेलगत जागा घ्यावी, पुढं दोन खोल्या काढून भाड्यानं द्याव्या, मागं आपण राहावं. पोरीच्या शाळेचं भाड्यातून सुटेल, असा पुनारामनं बेत केला. बेत वाईट नव्हता हो. दुलीचंद नावाचा एक शेतकरी बापाची जागा विकत होता. पुनारामनं काय नाही केलं? पटवाऱ्याकडं जाऊन आला, शेजाऱ्यांना विचारलं, पावसाळ्यात पाणी कुठवर येतं ते स्वतः उभं राहून पाहिलं. शेवटी विचारायचं म्हणून विचारलं, ‘भाऊ-बहीण कोनी?’

‘एक बहीण हाय, ललिता. तिले तं केव्हाची देऊन टाकली,’ दुलीचंद म्हणाला.

‘मंग काई हरकत नाई,’ पुनाराम म्हणाला.

कारण या जागेच्या पैशासाठी बापाचं वावर आणि घर विकताना त्यानंही गावात हेच सांगितलं होतं. बहीण आहे, पण दिलेली आहे. ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या होत्या. बहिणीला कोण विचारतं? सरिताला त्यानं विचारलं नाही, नुसतं कळवायला गेला. ‘बालाघाटले आपलं पक्कं घर होईल. त्यात एक खोली तुयी,’ तो म्हणाला. तिनं त्याच्यापुढं चहा ठेवला. मग म्हणाली, ‘हौ दादा. तुले बरं वाटते ते कर.’

पुढच्या दोन खोल्या छतापर्यंत आल्या आणि ललिताबाईनं दावा लावला. बापाच्या मालमत्तेत मुलीचाही वाटा, असा कायदा होऊन बरीच वर्षं झाली होती. त्या कायद्याचे वाद पुनारामनं स्वतः पुकारले होते! पण कान ऐकतात आणि मन आपल्यापुरतं झाकून ठेवतं. दुलीचंदनं पैसे केव्हाच उडवले होते. तो कोर्टात उभाही राहिला नाही.

तारखेच्या दिवशी कारकुनानं सवयीनं चिठ्ठी पुनारामच्याच हातात दिली. पुनारामनंही सवयीनं घसा साफ केला. ‘ललिताबाई हाजिर हो! दुलीचंद हाजिर हो! पुनाराम वल्द डोमाजी...’ आणि तिथं तो अडला. झाडाखालची माणसं आधी हसली. मग त्याचं तोंड पाहून दुसरीकडं पाहू लागली. त्या कोर्टात बापाचं नाव असं कधी ऐकू येईल, असं त्याच्या स्वप्नातही नव्हतं. पट्टा तसाच कमरेला ठेवून तो आत जाऊन उभा राहिला.

निकाल ललिताबाईच्या बाजूनं गेला, आणि तो खोटा होता असं पुनारामही कधी म्हणाला नाही. निम्मी जागा तिची झाली. सडकेकडची निम्मी, छताला टेकलेल्या खोल्यांसकट. पुनारामच्या वाट्याला मागचा तुकडा आला. त्यात जायला वाट नव्हती. वर्षभर तो वाटेसाठी शेजाऱ्यांच्या विनवण्या करत फिरला. शेवटी कवडीमोलानं तो तुकडा ललिताबाईच्याच नवऱ्याला देऊन टाकला. मैनाबाई त्या दिवशी चुलीशी बसून राहिली. चूल काही पेटली नाही.

धान निघाल्यावर पुनाराम बहिणीच्या गावी गेला. अंगणात बसून त्यानं सगळं सांगितलं आणि पोरासारखा रडला. ‘सरिता, त्या ललितानं मांगतलं ते हक्काचं होतं. तुयंबी होतं. मी तुले विचारलंबी नाई.’

सरिता सुपातला तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला नाही.

‘मले मालूम होतं, दादा. हे मले वकिलाकडं घेऊन गेलते. वकील म्हने, अर्धं तुमचं हाय, बाई.’

‘मंग काहून नाई मांगतलं तुनं?’

‘वावर घेतलं असतं तं माहेर तुटलं असतं. लोकायच्या बहिनी पाह्यल्या मी. वाटा घेतला का भावाचं दार बंद. मी म्हनलं, वाटा राहू दे त्याले, मले वर्साचे चार दिवस पुरे.’

पुनारामला वर पाहवेना. कायद्यानं जे तिचं होतं ते तिनं त्या चार दिवसांसाठी सोडून दिलं होतं, आणि त्यानं ते चार दिवसच विकून टाकले होते.

तरी रिवाजाप्रमाणं तो म्हणाला, ‘चाल, तुले न्याले आलो.’

बालाघाटच्या भाड्याच्या खोलीत पाहुणा मुक्कामी चालत नाही, ही घरमालकाची अट तिला ठाऊक होती. तिनं सूप खाली ठेवलं आणि भावाकडं पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं.

‘कुठी नेतं, दादा?’ तिनं विचारलं.

पुनारामनं तोंड उघडलं. साऱ्या कचेरीला जागं करणारा तो आवाज बाहेर आला नाही. सरितानं निवडलेला तांदूळ एका फडक्यात बांधला, त्याच्या हाती दिला आणि त्याला वेशीपर्यंत पोचवायला निघाली.