हिरव्या बटणांखालचं गाजरगवत

त्या दुपारी आम्ही दोघं मागच्या गॅलरीत बसलो होतो. मी पाटावर, ही स्टुलावर. गुडघ्यांमुळे तिला खाली बसता येत नव्हतं. मधे पांढरा ट्रे, ट्रेमध्ये खारं पाणी, पाण्यात दगडाचा एक तुकडा आणि दगडावर हिरवी बटणं. बटणं म्हणजे जिवंत पोवळी. शर्टाच्या बटणाएवढी, कडेनं झालर असलेली, उजेड पडला की उमलणारी. माशांच्या टाक्या विकणाऱ्या दुकानदारानं बजावलं होतं, की यांना कापताना विष निघतं, डोळ्यात उडालं तर दवाखाना गाठावा लागेल. म्हणून दोघांच्या हातात रबरी मोजे होते, आणि हिच्या डोळ्यांवर माझा कंपनीतला गॉगल होता. तोही चष्म्याच्या वर चढवलेला.

"अवो, हसू नका," ही म्हणाली. "वेल्डर दिसतीय व्हय मी?"

"वेल्डर बरा. त्याला निदान दिसतं तरी."

"मला तुमच्यापरीस जास्त दिसतंय. ह्ये बघा, हितं बुडाला एक बसलंय."

मी भिंग लावलं. बसलं होतं खरं. मोहरीएवढं, तपकिरी, काचेसारखं आरपार. मी चिमटा उचलला तसं तिनं माझ्या मनगटावर चापट मारली.

"पुन्यांदा तेच? उपटायचं न्हाई म्हणून किती येळा सांगायचं?"

हे काय चाललं होतं ते सांगतो. टाकी मुळात पोराची. तो आयटीत, आमच्याजवळ आकुर्डीला राहायचा तेव्हा हौसेनं खाऱ्या पाण्याची काचेची टाकी मांडली होती. मग बदली होऊन बंगळुरूला गेला. जाताना म्हणाला, "बाबा, विकून टाका. तुम्हाला जमायचं नाही." मलाही तेच वाटत होतं. हिला नाही वाटलं. "जित्या जिवाला गिऱ्हाईक बघत बसायचं?" म्हणाली आणि दुसऱ्या दिवसापासून टाकी तिची झाली. मीठ कालवणं, पाणी बदलणं, माशांना खाणं, सगळं तिनं पोराला फोनवर विचारून विचारून शिकून घेतलं. पाण्याचा खारटपणा मोजायचं यंत्र होतं, पण ही आधी बोट बुडवून जिभेला लावायची, मग यंत्रात बघायची. यंत्र चुकतंय असं तिनं मला दोनदा सांगितलं. मी मात्र निवृत्त माणूस, बादल्या उचलायला ठेवलेला.

मग एके दिवशी टाकीत ते तपकिरी आलं. नारळाच्या झाडासारखं, बारीक देठ आणि वर झिपऱ्या. पहिल्या दिवशी ही खूश झाली. "फूल आलंय बघा आपसूक." चारआठ दिवसांत त्या फुलाच्या झिपऱ्या लागून शेजारची हिरवी बटणं मिटून गेली, ती उघडेचनात. तेव्हा तिनं त्याचं नाव ठेवलं गाजरगवत. समुद्रातलंच फूल ते, पण टाकीतलं तणच. झिपऱ्यांनी डंख मारतं, जागा बळकावतं.

आता आम्ही माणसं चाकणच्या बाजूची. हिचं अर्धं आयुष्य कांद्याच्या वाफ्यात खुरपं घेऊन गेलेलं. तण दिसलं की हात आपोआप जातो. हिनं चिमट्यानं गाजरगवत धरलं आणि उपटलं. अर्धं हातात आलं, अर्धं दगडाच्या भोकात शिरलं. दुसरं उपटलं, तिसरं उपटलं. मला म्हणाली, बसलाय काय नुसते, या. मीही पत्र्याची पट्टी घेऊन खरवडायला बसलो. दोघांनी मिळून अख्खी टाकी खुरपली. काय झकास काम केलं म्हणून त्या दिवशी भजी तळली होती.

महिन्याभरात टाकीत दुसरं काही दिसेना. जिथं एक होतं तिथं झुबका. काचेला, नळीला, पाणी फिरवणाऱ्या मोटारीच्या जाळीला, सगळीकडे नारळाची बाग.

पिंपळे सौदागरला पोराच्या ओळखीचा दुकानदार होता. हिनं त्याला मोबाइलमधला फोटो दाखवला. त्यानं तो बोटांनी मोठा करून बघितला. मग म्हणाला, "काकू, तुम्ही तर पीक घेतलंत."

"खुरपलं होतं की आमी चांगलं."

"तेच तर. याचा कण राहिला तरी त्याचं नवीन उगवतं. तुम्ही पेरणी केलीत."

ही एवढी हसली की दुकानात खुर्ची मागून बसली. वाटभर हसत होती. मला म्हणाली, "रानात अशी पेरणी साधली असती तर बंगला बांधला असता."

दुकानदारानं उपाय सांगितला तो पानातल्या चुन्याचा. चुना घट्ट कालवायचा, बिनसुईच्या सिरिंजमध्ये भरायचा, मोटार बंद करून पाणी संथ होऊ द्यायचं आणि त्याला धक्का न लावता थेंब अलगद त्याच्या तोंडावर सोडायचा. खाणं समजून ते गिळतं आणि जागच्या जागी मरतं. ही पान खायची, घरात चुना होताच, पण त्यात वास घातलेला निघाला. मग साधा आणला. हिचा हात स्थिर. माझा कापतो, म्हणून मी टॉर्च धरायचो. कितीतरी मारली आम्ही तशी. पण जुना दगड सगळा पोखरलेला, आतल्या भोकांतून पुन्हा डोकी वर यायची.

शेवटी दुकानदारच म्हणाला, की नवी टाकी मांडा, नवा कोरडा दगड घाला. मासे जाळीनं धरून आणता येतील. जुना दगड मात्र एकही नेऊ नका.

"आन् माझी बटणं?" हिनं विचारलं.

बटणांच्या बुडात हे हमखास असतं, तो म्हणाला. नेलीत तर कापून, साफ करून, आणि मग महिना दीड महिना वेगळ्या टबात ठेवून. एक जरी निसटलं तर नवी टाकी गेली. फेकून दिलीत तर सगळ्यात सोपं.

फेकायची नव्हती. पोरगा बंगळुरूला गेल्यावर पहिल्या पावसाळ्यात टाकीतलं जवळजवळ सगळं मेलं होतं, तेव्हा एवढीच जगली होती. ती नव्या टाकीत न्यायची आणि त्यांच्याबरोबर गाजरगवताचा एक कणही जाऊ द्यायचा नाही, हे हिनं मनावर घेतलं होतं. नवी टाकी हॉलमध्ये मांडून झाली होती. पाणी खेळत होतं, आत अजून कुणी नव्हतं. ही येता जाता रिकाम्या टाकीपुढं उभी राहायची. सून घरात यायच्या आधी खोली आवरून ठेवतात तसं तिचं चाललं होतं.

तर त्या दुपारी आम्ही ते काम काढलं. मी दगड धरायचो. ही पात्यानं बटणं बुडापासून सोडवायची, जुन्या दगडाचा खडाही लागू द्यायची नाही. मग दुसऱ्या भांड्यात हलवून धुवायची, भिंगातून खालून वरून बघायची. पसंत पडलं की नव्या पांढऱ्या चकतीवर चिकटवायची. चकती टबात. नापसंत पडलं की बाजूला.

"ह्ये?"

"चांगलं दिसतंय."

"तुमाला सगळंच चांगलं दिसतं. मुलगी बघायला आलावता तवा बी असंच बघितलं असंल."

"तेव्हा भिंग नव्हतं."

"असतं तर काय केलं असतं?"

"तुझ्या बापाला दिलं असतं. त्यानं मला बघून घेतलं असतं."

चांगली दुपार होती. ऊन गॅलरीच्या कठड्यावर आलं होतं, खाली भंगारवाला ओरडत गेला. काम संपलं तेव्हा टबात चकत्या ओळीनं मांडल्या होत्या, वाफ्यात रोपं लावावी तशा. बटणं सगळी मिटलेली, रुसलेली. हिनं गॉगल काढला. नाकावर लाल वळ उठला होता. हात साबणानं दोनदा धुतले. चहा तिनंच केला. चहा झाल्यावर म्हणाली, "पाठ अवघडली. वाईच पडते. दिवा लावायच्या वक्ताला उठवा."

त्या वेळेला उठवायला गेलो. उठली नाही. शेजारच्यांनी गाडी काढली, दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. झोपेतच गेली, हृदय बंद पडलं, त्रास झाला नसणार, असं म्हणाले. बटणांच्या विषाचं मी विचारलं, त्यानं नव्हे म्हणाले. यावर मला यापेक्षा जास्त लिहिता येत नाही.

तिला घरी आणलं. पोरगा बंगळुरूहून निघाला होता, सकाळी पोचणार होता, तोवर थांबायचं ठरलं. गावाकडची माणसं आली. माझी थोरली बहीण, आक्का, आली आणि हिच्या उशाशी बसली.

सकाळी उजाडलं तसा मी उठून गॅलरीत गेलो. बटणं उमलली होती. जवळजवळ सगळीच. एवढ्या लवकर उमलतील असं दुकानदारही म्हणाला नव्हता. मी भिंग घेऊन एकेक चकती बघत गेलो. मधल्या एका चकतीवर, तीन बटणांच्या बेचक्यात, केसासारख्या झिपऱ्या हलत होत्या.

आक्का मागं येऊन उभी राहिली. "सुतकात काय करतोस रं ह्ये? तिच्यापाशी बस की."

"बसतो. एवढं करून बसतो."

"लोकं बघत्यात."

"बघू दे. ह्या बटणांना सुतक कळत न्हाई, आक्का."

ती आत गेली नाही. दाराला टेकून उभी राहिली.

मी मोजे घातले, गॉगल लावला. चुन्याचा थेंब सोडायचा म्हटलं तर बटणांवरही पडला असता, आणि माझ्या हाताचा भरवसा नव्हता. ही असती तर म्हणाली असती, तिन्ही बटणं जगवू, आठवडाभर बघू. मी नाही बघितलं. चकती धक्का न लावता वर घेतली, तीन बटणांसकट एका डब्यात ठेवली, वर गोडं पाणी आणि उरलेला चुना ओतला आणि झाकण घट्ट लावलं. मग बाकीच्या चकत्या पहिल्यापासून पुन्हा बघितल्या. काही दिसलं नाही. रात्रीत टबातलं पाणी वाफ होऊन बोटभर उतरलं होतं; मीठ मागेच राहतं, म्हणून तेवढं साधं पाणी हळूहळू घातलं.

मोजे काढून हात धुतले. "पाणी तापलंय, अंघोळ करून घे," आक्का म्हणाली. मी अंघोळ केली, धुतलेला सदरा घातला आणि पोरगा यायच्या आत हिच्याजवळ जाऊन बसलो.