हळूहळू उमटणारा अर्ज

स्वतःची चूक सापडली म्हणून पेढे वाटावेत असं वाटणारा माणूस अख्ख्या सातारा-सांगलीत एकच, आणि तो म्हणजे माझ्या वहिनीचे मामा. बाकी आपण सगळे, मी धरून, चूक दुसऱ्याच्या दारात ढकलणारे. मामा मूळचे विट्याचे. दक्षिणेतल्या एका शहरात त्यांनी जन्मभर सोनं गाळलं आणि साठीत गावी परतल्यावर मोबाइलची अ‍ॅपं बनवायला शिकले. फोनचा पडदासुद्धा डोळ्याला भिंग लावून बघतात. एका लग्नात स्पीकर घूं घूं करायला लागला, तर यांनी मंगलाष्टकं थांबवून वायर न् वायर तपासली. दोष निघाला यांच्याच खिशातल्या फोनचा. माइक हातात घेऊन म्हणाले, "मंडळी, सापडलं! मीच हाय!" नवरा-नवरी अंतरपाटाआड ताटकळलेली, आणि हे खूश.

आमच्या कोरेगावच्या वरच्या आळीत नळाला पाणी येत नव्हतं. पाणीपुरवठा कार्यालयातल्या सुनावणीत साहेबांचा ठरलेला प्रश्न, लेखी तक्रारी कुठं आहेत? म्हणून मामांनी आम्हाला तक्रारीचं अ‍ॅप करून दिलं. त्यात त्यांची एक हौस होती. अर्ज धाडकन समोर येऊ नये, पांढऱ्या पडद्यावर हळूहळू उमटावा. माझ्या फोनवर तो झकास उमटायचा. आळीतल्या बायकांच्या फोनवर मात्र एकदा लकाकायचा आणि गायब. मागे नुसता पांढरा पडदा. सुनावणी उद्यावर आली आणि तक्रार एकही नाही. मी तडक पत्रक लिहिलं: 'अ‍ॅप बंद पाडाल, जनतेचं तोंड कसं बंद कराल?' छापायला निघाले, तर मामा दारात आडवे.

"कुनी बंद पाडलं?"

"कार्यालयानं. दुसरं कोण पाडणार?"

"तू बघितलंस व्हय? पोरी, गाळल्याबिगर सोन्याला हिणकस म्हनू नये."

मग ते आळीतल्या एका पायरीवर बसले आणि येणाऱ्या प्रत्येकीला एकच प्रश्न. "ताई, ह्यो फोन दुरुस्तीला कुटं दिलावता?"

"आवं मामा," एक आजी कडाडल्या, "आदी अर्ज दावा, मग माज्या फोनचं सोयरंगोत्र इचारा!"

पण उत्तर सगळ्यांचं एकच निघालं, स्टँडजवळचं दुकान. तो दुकानदार भला माणूस. जुना फोन जलद चालावा म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकाच्या फोनमधली हलती चित्रं, सरकते पडदे, सगळं न सांगता बंद करून देतो. त्यात हळूहळू उमटणंही बंद झालेलं, आणि आमचा अर्ज बिचारा त्याचीच वाट बघत पांढऱ्या पडद्यामागे लपून बसलेला. मामांचा चेहरा उजळला. "लय भारी! माजीच हौस नडली!" तिथल्या तिथे त्यांनी ती हौस काढून टाकली. अर्ज धाडकन समोर आला, आणि दिवे लागायच्या आत आळीतल्या सगळ्या घरांच्या तक्रारी जमा झाल्या. मी पत्रक फाडायला घेतलं. "फाडू नगं," मामा म्हणाले, "पाठीमागनं कोरं हाय."

त्या दिवशी मी एक धडधडीत खोटं छापून वाटणार होते, आणि सुनावणीत तेच आमच्या तोंडावर मारलं गेलं असतं. मामांनी ते मला कधी बोलूनही दाखवलं नाही. आता ते दक्षिणेत मुलाकडे राहतात. तिकडून फोन आला की पहिला प्रश्न, "पानी आलं का गं?" हो म्हटलेलं त्यांना पुरत नाही. मग मी वरच्या आळीत जाते, आजींचा नळ सोडते आणि फोन धारेजवळ धरते. बादली भरून वाहायला लागते, तरी पलीकडे मामा फोन ठेवत नाहीत. मीही ठेवत नाही.