पाणी कुठवर येईल

दादा,

मी गाव सोडलं त्या सकाळी आपल्या खाडीकाठच्या शेतात भात नव्हतं, खारं पाणी होतं. बांध फुटला होता. तू माझी बॅग डोक्यावर घेऊन एसटीपर्यंत आलास. आई म्हणाली, "शीक आणि थंयच ऱ्हव. हंय आता काय पिकाचा नाय." बाबा आलेच नाहीत. गाडी वळली तेव्हा ते दूर, फुटलेल्या बांधावर उभे दिसले.

लालबागला मावशीच्या खोलीत राहून मी शिकले. चाळीतून समुद्र दिसायचा नाही, आणि मला तेच बरं वाटायचं. पण नोकरी लागली ती वरळीच्या शाळेत, विज्ञान शिकवायची. वर्गात निम्म्या मुली कोळीवाड्यातल्या. भरती-ओहोटीचा धडा चालू असताना आठवीतली नम्रता म्हणाली, "बाई, आमच्या गल्लीत आता उधाणाचं पाणी येतं. आजी म्हणते, पूर्वी येत नव्हतं."

मी समजावलं. पृथ्वी तापतेय, बर्फ वितळतोय, तापलेलं पाणी फुगतं, म्हणून समुद्र हळूहळू वर चढतोय. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आमच्या घरात कुठवर येईल?"

हे काही पुस्तकात नव्हतं. म्हणून आम्ही मोजायला निघालो. गवंडी वापरतात तसली पारदर्शक नळी घेतली. तिच्यात पाणी भरलं की दोन्ही टोकांना ते एकाच पातळीवर येतं. जेट्टीवरच्या उधाणाच्या खुणेपासून सुरुवात करून मुली दारोदार गेल्या आणि भिंतींवर निळ्या खडूनं रेघ ओढत राहिल्या. काहींनी हाकललं, "घराला अपशकुन कशाला करता गं?" पण बऱ्याच बायका हातातलं काम टाकून नळी धरायला आल्या. मग गल्लीची बैठक झाली. कोणाच्या म्हाताऱ्या माणसांना कोण नेणार, फ्रिज कशावर चढवायचे, सगळं तिथं ठरलं. शाळेचा वरचा मजला उघडा ठेवायचं मी कबूल केलं.

पावसाळ्यातल्या अमावस्येला, भर दुपारी, उधाण आलं. दादा, मला वाटलं होतं लाटा उसळत येतील. तसं काहीच झालं नाही. पाणी गटाराच्या जाळीतून वर आलं, अगदी गुपचूप, आणि गल्लीभर पसरत गेलं. मी गुडघाभर पाण्यात उभी होते. वर ढगांत न दिसणारा चंद्र, न दिसणारा सूर्य, आणि त्यांच्या ओढीनं अख्खा अरबी समुद्र या बोळात शिरलेला. इतकी वर्षं फळ्यावर काढलेली आकृती माझ्या पायांना थंडगार लागत होती. पाणी मुलींच्या रेघेशी येऊन थांबलं. दोन घरांत वर गेलं, बाकी सगळीकडे रेघेवर.

नम्रताची आजी तेवढी घरात पलंगावर बसून होती. "दर्या आमचा देव हाय. देव घरान आला तर पलायचं का?"

नम्रता म्हणाली, "आजी, गणपती येतो तेव्हा आपण पलंग हलवून त्याला जागा करतो ना? तशी कर."

म्हातारी हसली आणि उठली.

शाळेच्या वरच्या मजल्यावर सगळ्यांसाठी चहा झाला. कोणाला इजा नव्हती. आजीनं मला जवळ बसवलं. "बाई, तुझा घर कुठं?" मी बाहेर पाहिलं. खिडकीखाली पाणी उतरत होतं, बायका झाडू घेऊन खाली निघाल्या होत्या. आपल्या बांधावर एकटे उभे राहिलेले बाबा मला आठवले. इथं गल्लीत कोणीच एकटं नव्हतं.

तू फोनवर विचारतोस, "घराक कधी येतंस?" मे महिन्यात येते. पण राग मानू नकोस. पाणी चढायला लागलं की ज्या जागेसाठी आपला जीव खालीवर होतो, ते आपलं घर. मला आता अशी दोन घरं आहेत.