एकेचाळिसावं पान

दिव्यानीला बसून अभ्यास करताना आजवर कुणी पाहिलेलं नाही. सिंदेवाहीच्या सरकारी दवाखान्यात ती कंत्राटी नर्स. ड्युटी संपली की एसटीने गावी यायचं आणि वही हातात धरून तलावाच्या पाळीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा घालायच्या. जाताना पाच इंग्रजी शब्द, येताना तेच पाच अर्थासकट. पाळीवर म्हशी चारणारा इतवारी तिला म्हणायचा, "बाई, तुह्या पायानं पाळ झिजून राह्यली. तलाव फुटला तं पंचनाम्यात तुहंच नाव लिहाले सांगीन." ती हसायची, पण थांबायची नाही. जेवायला बसली तरी तिचा उजवा गुडघा हलत असायचा आणि मांडीवरच्या ताटातलं वरण डुचमळायचं. बाप, देवाजी, समोर मुकाट्याने जेवायचा. तलावात जाळं टाकून जगलेला माणूस तो, गप्प बसण्याची त्याला सवयच होती.

इंग्लंडमधल्या एका इस्पितळाने तिच्यासाठी जागा राखून ठेवली होती. अट एकच, आयईएलटीएस नावाची इंग्रजीची परीक्षा. वाचणं, ऐकणं, लिहिणं यांत तिला पाहिजे तेवढे गुण दोन्ही खेपांना मिळाले होते. घोडं अडलं होतं बोलण्यात. तिथे सात पाहिजेत आणि पहिल्यांदा मिळाले सहा, दुसऱ्यांदा साडेसहा. दिवसाला साठ पेशंटांशी डोकं लावणाऱ्या बाईला बोलण्यात नापास करणारी परीक्षा कुणाच्या डोक्यातून निघाली देव जाणे! आता तिसरी खेप होती आणि तीच शेवटची, कारण सप्टेंबर संपला की जागा दुसरीला जाणार होती. नर्सांना परदेशी पाठवणाऱ्या एजन्सीची बाई दर आठवड्याला फोन करून मधाळ आवाजात हेच सांगायची. तो फोन आला की दिव्यानीच्या येरझारा दुप्पट व्हायच्या.

खरं म्हणजे दोष परीक्षेचा नव्हता. ही पोरगी बोलायचीच नाही, म्हणून दाखवायची. दर रविवारी ती मूल गावावरून चंद्रपूरला राजदीप सरांच्या क्लासला जायची. एका मोबाइलच्या दुकानावरच्या खोलीत ते इंग्रजीला बसणाऱ्या नर्सांना शिकवत. बसमध्ये उभी राहूनसुद्धा तिचे ओठ हलत. अ कुठे, अॅन कुठे, द कुठे. 'फरदरमोअर', 'नेव्हरदलेस' असले लांबलचक शब्द तिने तोंडावर बसवले होते आणि ते कुठेही पेरून द्यायची. एकदा सर वैतागून म्हणाले, "दिव्यानी, हे बोलणं नाही. टेप लावलीये तुम्ही. समोरच्याला कळतं हो. मधेच थांबा, आठवा, चुका. माणूस असंच बोलतो ना?" तिने मान डोलावली आणि पुढचं उत्तर आणखी घाईने म्हणून टाकलं.

सरांनी बासष्ट पानांची एक वही छापून घेतली होती. पानागणिक एक विषय आणि त्याचं तयार उत्तर. आवडते शिक्षक, लक्षात राहिलेला प्रवास, घरातली जुनी वस्तू. एकेचाळिसावं पान राष्ट्रीय प्राण्याचं होतं. त्या पानावर येताच सर खुशीत येत. "हा प्रश्न आला तर लॉटरी समजा! आपण त्याच्याच जिल्ह्यातले." सगळा वर्ग हसला. दिव्यानीने दुसऱ्या दिवशी वॉर्डातली पांढरी चिकटपट्टी घेतली आणि ते पान मागच्या पानाला तिन्ही बाजूंनी चिकटवून टाकलं. जखमेवर ड्रेसिंग करावं इतक्या निगुतीने. प्राण्याचा प्रश्न आलाच तर तिने मोर पाठ केला होता.

कारण त्याचं नाव घ्यायचं नाही. तिच्या गावचा हा दंडकच आहे. जंगलात नाही, पाळीवर नाही, दिवेलागणीनंतर घरातही नाही. नाव घेतलं की त्याला आवतण गेलं, अशी समजूत. मग लोक म्हणतात 'तो', म्हणतात 'जनावर', फारच झालं तर 'पट्टेवाला'. चंद्रपूर-गडचिरोलीत एवढं म्हटलं तरी पुरतं, ऐकणारा आपोआप मागे वळून बघतो. बाहेरच्या माणसाला यात हसू येईल. येऊ द्या. मोहफुलं वेचायला पहाटे वाकून बसावं लागत नाही त्याने खुशाल हसावं.

दिव्यानीही हसली होती. अकरावीत होती तेव्हा. तालुक्याच्या कॉलेजात नवं नवं इंग्रजी शिकत होती आणि शिंग फुटलेल्या वासरासारखी सगळीकडे डोकं घासत होती. एका संध्याकाळी पाळीवरून आईबरोबर येताना तिने विचारलं, "माय, इंग्रजीत नाव घेतलं तं काय होते? त्याले इंग्रजी कुठी येते?" आणि झाडांकडे तोंड करून तिने तो इंग्रजी शब्द तीनदा ओरडून म्हटला, प्रत्येक वेळी आधीपेक्षा मोठ्याने. सुगंधाबाईने पाठीत धपाटा घातला, "तोंड सांभाळ वो कार्टे!" आणि मग तिलाच पदराआड हसू फुटलं. पाचव्या दिवशी सुगंधाबाई पहाटे मोहफुलं वेचायला गेली ती आलीच नाही. दुपारी टोपली तेवढी सापडली, अर्धी भरलेली. बाकीचं माणसांनी आणलं, ते दिव्यानीला कुणी बघू दिलं नाही.

गाव म्हणालं नशीब. दिव्यानीला नशीब पटण्यासारखं नव्हतं, कारण तिला कारण ठाऊक होतं. तिने ते कुणालाच सांगितलं नाही. घरात त्या दिवसापासून 'तो' हा शब्दसुद्धा बंद झाला. आणि तिच्या पायाला भिंगरी लागली ती तेव्हाच. नर्सिंगला नागपूर, मग दवाखाना, मग चंद्रपूर, आता इंग्लंड. लोक म्हणायचे पोरगी महत्त्वाकांक्षी आहे. असेलही. पण अर्ज भरायच्या आधी तिने मोबाइलवर एक गोष्ट शोधून पाहिली होती. इंग्लंडच्या जंगलात ते जनावर नाही.

तिसऱ्या परीक्षेला ती नागपूरच्या एका हॉटेलात तिसऱ्या मजल्यावर बसली. समोर चष्मा कपाळावर चढवलेले एक वयस्कर साहेब आणि टेबलावर आवाज टिपणारं यंत्र. कुठे राहता, काय काम करता, हे पहिले प्रश्न तिने सपासप उडवले. गुडघा टेबलाखाली हलतच होता. मग साहेबांनी एक कार्ड पुढे सरकवलं. तुमच्या भागातल्या एका जंगली प्राण्याबद्दल बोला, तो कुठे राहतो, तुम्ही त्याच्याबद्दल केव्हा ऐकलं, तुमच्याकडच्या लोकांना त्याच्याविषयी काय वाटतं. विचार करायला एक मिनिट, बोलायला दोन.

तिने कागदावर 'मोर' लिहिलं. मोराचं पहिलं वाक्य घडाघड बाहेर आलं, त्यात 'फरदरमोअर'ही होतं. दुसऱ्या वाक्यापाशी ती कार्डाकडे बघत राहिली. लोकांना काय वाटतं? मोराविषयी तिच्या गावात कुणाला काय वाटणार, डोंबल! हे असंच म्हणून दाखवलं की पुन्हा साडेसहा, पुन्हा ती पाळ, पुन्हा ती झाडं. साहेब थांबले होते. घड्याळ पुढे चाललं होतं.

"माझ्या गावात आम्ही त्याचं नाव घेत नाही," ती इंग्रजीत म्हणाली.

आणि मग ती बोलायला लागली. अ, अॅन, द गेले खड्ड्यात. भूतकाळात वर्तमान मिसळला, एक शब्द सापडेना म्हणून तिने हाताने टोपली दाखवली. बाया चौघी-चौघी मिळून का जातात ते सांगितलं. पहाटे फुलं पडताना कसा बारीक आवाज येतो ते सांगितलं, आणि वाकलेलं माणूस त्याला माणूस वाटत नाही, हेही. आई गेल्याचं सांगताना ती थांबली, पुन्हा सुरू झाली, पुन्हा थांबली. गुडघा केव्हा गप्प झाला ते तिला कळलंच नाही.

दोन मिनिटं झाली. साहेबांनी हळू विचारलं, "आणि हा प्राणी कोणता?"

खिडकीबाहेर उड्डाणपूल होता, गाड्या होत्या, झाड एकही नव्हतं. तरी तिने आधी दाराकडे पाहिलं. मग म्हणाली, "टायगर." आवाज फुटलाच नाही. यंत्रात नीट आलं नसेल म्हणून तिने पुन्हा म्हटलं, स्वच्छ. साहेबांचं पेन जरासं थांबलं. मग त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि पुढचा प्रश्न विचारला, जंगली प्राणी पिंजऱ्यात ठेवावेत का? परीक्षा ती परीक्षाच.

परतीच्या बसमध्ये तिला धडकी भरली. मागच्या वेळी पाचवा दिवस होता. तिने बापाला फोन केला, "बाबा, घरीच हाय ना?" अर्ध्या तासाने पुन्हा, "जेवले काय?" नागभीडला तिसऱ्यांदा, "तलावाकडं जाऊ नका, म्या सांगून राह्यली." देवाजी म्हणाला, "काऊन वो? तलाव कुठी पळून जाते काय?" चार दिवस तिचं कामात लक्ष नव्हतं. परीक्षेच्या निकालाची तिला आठवणही होत नव्हती, ती बोटांवर दिवस मोजत होती. पाचव्या दिवशी तिने सुट्टी टाकली आणि बापाच्या मागे मागे फिरली, तो विहिरीवर गेला तर विहिरीवर, गोठ्यात गेला तर गोठ्यात. देवाजीने तिच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला. काहीच झालं नाही. संध्याकाळी म्हशी घरी आल्या, इतवारीही आला.

निकाल त्यानंतर लागला. बीपी घेता घेता तिने मोबाइल उघडला. बोलणं, सात. पेशंट म्हातारी विचारत होती, "किती हाय बाई?" आणि दिव्यानी म्हणाली, "सात." म्हातारी घाबरली.

दुपारच्या बसने ती गावी आली. देवाजी पाळीवर मोहाच्या सावलीत फाटलेलं जाळं सांधत बसला होता. ती उभ्यानेच म्हणाली, "बाबा, पास झाली."

"झाली? बरं झालं." त्याचा चेहरा उजळला आणि लगेच विझला, ते तिने पाहिलं. "काय इचारलं त्याइनं?"

तिने सांगितलं. चार पावलं इकडे, चार तिकडे, असं चालत चालत सगळं सांगितलं. कार्डावरचा प्रश्न, मग अकरा वर्षांपूर्वीची संध्याकाळ, तीनदा ओरडलेला शब्द, धपाटा, पाचवा दिवस. "माह्यामुळं गेली माय," ती म्हणाली. हे वाक्य तिने कुणापुढे पहिल्यांदाच म्हटलं होतं.

देवाजीच्या हातातली सुई थांबली.

"त्या दिवशी पहाटे मी घेतलं होतं नाव," तो म्हणाला. "इथी नाई, घरात, चुलीपाशी. म्हनलं, तिकडं वाघ फिरून राह्यला, बाया येतपर्यंत थांब. तं माह्यावरच चिडली. पहाटे पहाटे नाव काऊन घेतलं म्हने. टोपली उचलली आन रागानं एकटीच निघाली. नाव नसतं घेतलं तं थांबली असती, बायाइसंग गेली असती." त्याने सुई जाळ्यात खोचली. "अकरा वर्सं झाली. मले वाटे माह्यामुळं. आता म्हनतो, त्याले काय समजते नाव? ना मराठी, ना इंग्रजी. त्याले भूक लागते, बस."

दिव्यानी उभी होती तिथेच थिजली. दोन माणसं एकाच घरात, एकाच चुलीवरचं खात, तोच एक धोंडा आपापल्या उरावर घेऊन जगत होती.

"मंग मले सांगतलं काऊन नाई, बाबा?"

"तू बसत कुठी होतीस, बाई, एका जागी?"

ती बसली. गवतावर, बापाच्या शेजारी, गणवेशासकट. देवाजीने जाळ्याचं दुसरं टोक तिच्या हातात दिलं आणि तिने ते ताणून धरलं, लहानपणी धरायची तसं. तो एकेक भोक सांधत राहिला. इतवारी म्हशी घेऊन गेला, जाताना त्याने दोनदा वळून पाहिलं.

"मंग?" मान वर न करता देवाजीने विचारलं. "कवा जाचं हाय?"

तीन वर्षं या प्रश्नाचं उत्तर तिच्या जिभेवर होतं. आता ते बाजूला ठेवून तिने जाळ्याचं पुढचं भोक त्याच्यासमोर ताणून धरलं.